वळसंगची इंजिन लावलेली सायकल

माझ्याकडे इंजिन लावलेल्या सहा सायकली आहेत. बघायला येणारे त्यांना मोपेड म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. मोपेड कारखान्यातूनच मोपेड म्हणून बाहेर पडते. ही मुळात साधी पायडलची सायकल, तिच्यावर नंतर नारळाएवढं इंजिन बसवलेलं. कुणाचं पुढच्या चाकावर, कुणाचं मागच्या चाकाच्या पोटात. चढाला इंजिन दमलं की माणसानं पायडल मारायचं, माणूस दमला की इंजिनानं ओढायचं. ज्याला मोटारसायकल परवडत नव्हती आणि नुसत्या सायकलवर ज्याचं मन भरत नव्हतं, अशा माणसानं घेतलेली ही वस्तू. म्हणून मला ती कळते.

पाच चालतात. जेऊरहून आणलेली तर चार पायडलं मारली की फुरफुरायला लागते. सहावी, वळसंगची, नऊ वर्षं माझ्या शुक्रवार पेठेतल्या दुकानामागच्या खोलीत भिंतीला टांगलेली होती. रंग झालेला, चाकं सरळ केलेली, सीटचं चामडं नवं, आणि पुढच्या चाकावर इंजिनाच्या जागी नुसती हवा. तिचं इंजिन सोलापुरातच होतं, अक्कलकोट रोडच्या एका लेथच्या कारखान्यात, फळीवर, फडक्याखाली. ते तिथं आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्या लेथवाल्या मिस्त्रीला माहीत होतं. एकेकाळी आम्ही दोघं रविवारी मिळून भंगाराचे अड्डे धुंडाळायचो. आता नऊ वर्षं बोलणं बंद होतं.

हे सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल.

मिलमधलं बदलीचं काम गेलं तेव्हा मी विशीत होतो. गड्ड्याच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथं एका दलालानं मला धरलं. काम एकच. बैलवाल्याचं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं चाललेलं असताना परक्यासारखं तिथून जायचं, थांबायचं, बैलाकडे बघायचं आणि खोड काढायची. "मागचा डावा खूर फाकलाय की." "पाठीवर भोवरा हाय, असला बैल दारात नको." एवढं बोलून चालू लागायचं. बैलवाल्याचा चेहरा उतरायचा, मागून भाव उतरायचा, आणि दलाल मला पोटभर जेवू घालायचा. त्या एका जत्रेत मी जे शिकलो त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. जळालेल्या पंपाच्या मोटारी भरायला शिकलो, मग पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. कुणी एक बोल्ट फुकट दिला नाही, मीही दिला नाही. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. मग हव्या त्या वस्तूची खोड काढायची. मग उठून जायचं आणि समोरच्याला आठ दिवस शिजू द्यायचं. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात भाजी आवडली तरी मी मीठ कमी आहे म्हणायचो.

वळसंगच्या सायकलीचा सुगावा मला एका बोअरवाल्याकडून लागला. मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक, घरात कन्नड, दारात मराठी. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे सायकल उभी होती आणि तिच्या सीटवर एक कोंबडी बसलेली होती. पुढच्या चाकावर इंजिन, इंजिनाचा खरबरीत रूळ टायरला टेकलेला, ते उचलायचा दांडा जागेवर, तांब्याएवढी पेट्रोलची टाकी जागेवर.  मी आधी दारातल्या दगडी उखळाचा भाव विचारला.

"उखळ कशाला पायजे तुमाला?" गुरुजी हसले. "सगळे आमच्या वडलांची सायकल बघायला येत्यात."

"हां, ती. बघतो की."

"वडील मिलमध्ये मास्तर होते. सोमवारी ह्याच्यावर बसून सोलापूरला जायचे, शनिवारी परत. आवाज आला की अर्धं गाव रस्त्याला यायचं."

मी वाकून बघितलं. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पोटावरून तेलाचा एक ओघळ वाळून काळी रेघ झाली होती. ती तेलाची रेघ आहे हे मला दिसत होतं.

"गुरुजी, राग मानू नका. ह्यात काय राहिलंय हो? पोटाला तडा गेलाय."

"तडा? कुटं?"

मी नखानं रेघ दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, खाली वाकले.

"अरेरे. एवढी वर्षं दिसलं न्हाई की."

"आत सगळं कुजलेलं असणार. असलं घरात ठेवलं तर उद्या नातवाचा पाय कापायचा. भंगारवाला पण इंजिनासकट घेणार नाही, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळं करून मागेल."

शेवटचं वाक्य मला आवडलं होतं. बोलताना सुचलेलं आणि खरं वाटणारं. मग मी एक फुटकळ आकडा टाकला, त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि मी उठलो. परत आलो तो थेट मिस्त्रीकडे गेलो आणि सगळं वर्णन करून सांगितलं. रूळ कसा, दांडा कसा, रेघ दाखवल्यावर गुरुजींचा चेहरा कसा झाला ते. तो लेथवर आटे पाडत होता. तो आटे मोजतो ते तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू, आणि मोजताना कुणाला उत्तर देत नाही. त्या दिवशीही दिलं नाही.

आठ दिवसांनी गेलो तर सायकल भिंतीला टेकलेली आणि पुढच्या चाकावर इंजिन नाही.

इंजिन कुठं गेलं, हे अगदी तोंडावर आलं होतं. पण विचारलं असतं तर मला तेच हवं होतं हे कळलं असतं. मी म्हणालो, "चला, वजन तरी कमी झालं."

"व्हय. सोलापूरला दिलं टाकून," गुरुजी म्हणाले. कुणाला, कधी, कसं, काही विचारलं नाही मी. सायकल टेम्पोत टाकली आणि निघालो. वाटेत मिस्त्रीच्या कारखान्याशी थांबलो, त्याला सांगावं म्हणून. आत गेलो तर इंजिन त्याच्या टेबलावर, फडक्याखाली, नुसता रूळ आणि दांडा बाहेर.

वळसंगचं मी फक्त त्यालाच सांगितलं होतं.

काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. "माझ्या ताटातला घास उचललास" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. लेथखाली साबणपाण्याची बादली होती, ती लाथेनं उलटवली. शेजारच्या यंत्रमागांवरचे लोक दारात येऊन उभे राहिले. तो दोनदा म्हणाला, "ऐकून घे." मी ऐकलं नाही.

तिथून पुढची नऊ वर्षं मला जागेवर बसवत नव्हतं. मिस्त्री करून द्यायचा ते भाग मी कोल्हापूरला करून घेतले, पुण्याला करून घेतले, आणि प्रत्येक वेळी ते केसभर मोठे नाहीतर केसभर लहान आले. आठवड्यातून दोनदा मी काही काम नसताना अक्कलकोट रोडवरून जायचो. दार उघडं असेल तर आत फळी दिसायची. दुसऱ्या सायकली आणल्या, चालवल्या, विकल्या, पुन्हा आणल्या. हात लागला की मन उडायचं. कुणी मिस्त्रीचं नाव काढलं की मी ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचो, आणि सांगून झाल्यावर पुन्हा रागानं उठून फिरायला लागायचो. घरचे म्हणायचे, आता दुसरं काहीतरी बोला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बेअरिंग विकणारा एक जण दुकानात आला आणि सहज म्हणाला, "मिस्त्री कारखाना विकतायत. मुलीकडे हैदराबादला चाललेत कायमचे. पुण्याहून कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन आला होता, फळीवरचं एक इंजिन बघून गेला."

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुपारी दुकान अर्धं ओढून घेतलं आणि गेलो.

मिस्त्री दारातच स्टुलावर बसला होता. केस पार पांढरे झाले होते. त्यानं मला येताना बघितलं आणि उठून उभा राहिला.

"या शेठ. थांबा, बादली आत घेतो."

माझा हात शिवशिवला. पण मी आत गेलो आणि कोपऱ्यातल्या ड्रिल मशीनवर हात ठेवला. "ही केवढ्याला काढणार?"

"ड्रिल मशीन बघून झाली?" तो म्हणाला. "आता जे बघायला आलायस ते बघ." आणि फळीवरचं फडकं ओढलं.

मला वाटलं होतं तसं ते नव्हतं. पोटावर तीन ठिकाणी वेल्डिंगच्या शिवणी होत्या. बारीक, सारख्या, एखाद्या बाईनं गोधडीला टाके घालावेत तशा. इंजिन सायकलीला बोल्टानं धरायचा एक कान अख्खा नवा घडवून जोडलेला. मी वाकलो, आणि तोंड आपोआप उघडलं.

"वेल्डिंग फुगलंय. आतून पोकळ असणार. आणि हा कान बघ, सरळ नाही..."

"बास," मिस्त्री म्हणाला. "असंच बोललास ना गुरुजींना?"

"तू मध्ये पडलास म्हणून..."

"मी वळसंगला आयुष्यात गेलो नाही रे."

मग त्यानं सांगितलं. लेथचा बुरा विकायला तो भंगारवाल्याकडे गेला होता. तिथं बाकावर एक म्हातारा बसलेला, पायाशी रिकामं पोतं. भंगारवाला समोर एक इंजिन घेऊन हातोड्यानं फोडत होता, अ‍ॅल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं. दोन घाव बसले होते. तिसऱ्याला मिस्त्रीनं त्याचा हात धरला. म्हातारा म्हणाला, अहो, फोडू दे, एक जाणता माणूस सोलापूरहून बघून गेलाय, तडा गेलाय म्हणाला, घरात ठेवू नका म्हणाला, वेगळं केल्याशिवाय कुणी घेणार नाही म्हणाला.

"मी ओळखलं," मिस्त्री म्हणाला. "शब्द तुझेच होते. तीन तुकडे गोळा करून आणले. म्हटलं, जोडून ठेवावं, तू आलास की द्यावं. तेवढ्यात तू आलासच."

"मग सांगायचं नाहीस?"

"बादली उचलत होतो."

 बाहेर एक टमटम हॉर्न वाजवत होती. नऊ वर्षं मी ज्या गोष्टीवर दात खात होतो ती माझ्या तोंडातूनच निघाली होती, वळसंगला जाऊन, पोत्यात बसून, भंगारवाल्याच्या हातोड्याखाली. आणि तरी मला राग येतच होता. कुणाचा ते मात्र धड ठरत नव्हतं.

"जोडलंस कसं?" मी विचारलं. तेल मुरलेलं जुनं अ‍ॅल्युमिनियम वेल्ड करताना तडकतं, हे मला माहीत होतं.

"तापवलं आधी. अंगाला धुण्याचा साबण घासायचा आणि खालून आच द्यायची. साबण काळा पडला की तेवढंच बास. जास्त तापवलं की पाघळतं. दोनदा फसलं. तिसऱ्या वर्षी जमलं."

तीन वर्षं. ज्यानं सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली त्याच्या इंजिनावर.

"पुण्याचा किती देतोय?"

त्यानं आकडा सांगितला. मी त्यावर चढवून आकडा सांगितला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी वर गेलो.

"पैसे नकोत," तो म्हणाला. "तुझी सायकल इथं आण. लेथ जायच्या आधी इंजिन मी माझ्या हातानं बसवतो. चालू झालं की टेम्पोत घालू आणि वळसंगला जाऊ. गुरुजी आहेत अजून, परवा पंपाचा शाफ्ट घेऊन त्यांचा मुलगा आला होता. त्यांना तोंडानं सांगायचं, तडा नव्हता. सांगितलंस तर इंजिन तुझं. नाहीतर तिथंच चार नट काढतो आणि पुण्याला पाठवतो."

"फोनवर सांगतो."

"नाही."

"तू सांग. मी शेजारी उभा राहतो."

"नाही."

"हे बघ, पुण्याच्या वर दीडपट देतो आणि विषय संपव."

"शेठ, हा भाव उतरत नाही."

मी उठून निघालो. आठ दिवस शिजू द्यावं असं मनात होतं. रस्त्यापर्यंत गेलो. मग आठवलं, गेल्या खेपेला त्या आठ दिवसांतच सगळं झालं होतं. परत आलो. तो तसाच उभा होता, हातात फडकं.

"सायकल कधी आणू?" मी म्हणालो.

इंजिन बसवायला चार दिवस लागले. रूळ टायरवर घसरत होता, त्यानं स्प्रिंग बदलली. कार्ब्युरेटर माझ्या अंगठ्याएवढा, त्याचं भोक त्यानं केसाएवढ्या तारेनं साफ केलं. मी शेजारी बसून राहायचो आणि दर पाच मिनिटांनी उठायचो. खोडी दिसत होत्या. टाकीचा रंग इंजिनाशेजारी भडक वाटत होता, सांध्यातून पेट्रोल पाझरत होतं. पुढचा दिवा मूळचा नव्हता, मी दुसराच लावला होता. चौथ्या दिवशी त्यानं कारखान्याच्या आवारात पायडल मारलं, दांडा खाली सोडला, आणि ते इंजिन आधी शिंकल्यासारखं आणि मग सलग वाजायला लागलं. मिस्त्री दोन फेऱ्या मारून आला. डोळ्यांत धूर गेला म्हणाला.

वळसंगला पोचलो तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. वाळून काटकी झालेले.

"बर्री, बर्री," ते कन्नडात म्हणाले, या म्हणून. मला ओळखलं, सायकल ओळखली नाही. रंग नवा होता.

मी पाऊसपाण्याचं विचारलं. ज्वारीचं विचारलं. शाफ्ट नीट चालतोय का विचारलं. मिस्त्री टेम्पोला टेकून उभा होता, हातात दहा-अकराचा पाना.

"शेठ," तो म्हणाला.

"गुरुजी," मी म्हणालो, "मी मागं आलो होतो तेव्हा म्हणालो होतो, इंजिनाला तडा गेलाय. गेला नव्हता. तेलाची रेघ होती."

"तेलाची?"

"व्हय."

"म्हंजे रॉकेलनं पुसली असती तर गेली असती?"

"गेली असती."

"मग तुमी तसं का बोलला?"

"भाव पाडायला."

त्यांनी सायकलीकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर मला बरं पडलं असतं, मला ते खेळता येतं.

"पुसली न्हाई मी," ते म्हणाले. "तुमी गेला आन् मला तेच दिसाया लागलं. आठ दिवस तेच. वडील असलं फुटकं घेऊन मिलमध्ये जायचे, लोक हसत असतील मागं, असं वाटाया लागलं. हात लावायची लाज वाटली. म्हणून दिलं फोडायला."

 मिस्त्रीनं पाना खिशात घातला, सायकल खाली उतरवली आणि अंगणात चालू केली. कोंबड्या पळाल्या. गुरुजी उठून आले, हँडलवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग शिवणींवरून बोट फिरवलं. "हितं फुटलं होतं?" "हितं आणि हितं," मिस्त्री म्हणाला. "चांगलं शिवलंय," गुरुजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

चहा आला. मला बसवेना. मी ओट्यावर येरझारा घालत होतो आणि आतल्या कोनाड्यात माझं लक्ष गेलं. काडेपेट्या आणि सुतळीचा गुंडा ठेवलेलं एक गोल भांडं होतं, काळं पडलेलं. भांडं नव्हतं ते. पुढच्या दिव्याची वाटी होती. मूळची. मागं आलो तेव्हा मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष इंजिनाकडे न बघण्यात होतं.

उखळ अजून दारातच होतं. मी त्याचा भाव विचारला नाही.

"गुरुजी, ती वाटी ह्याच सायकलीची आहे. मला पाहिजे. काय घ्याल?"

गुरुजींनी उठून वाटी काढली. काडेपेट्या ओट्यावर ओतल्या. वाटी उन्हात धरली, फिरवली, चष्मा पुसून पुन्हा बघितली, आणि नखानं तिच्या कडेवर एक जागा दाखवली.

"ह्यात काय राहिलंय हो?" ते म्हणाले. "कुजलंय की. पोचा पण आलाय हितं."

मिस्त्री चहाची बशी तोंडाला लावून खोकायला लागला. माझं डोकं फिरलंच.

"कुठं कुजलंय?" मी ओरडलो. "पत्रा बघा की जरा! असला पत्रा आज कुठं मिळतो? आणि पोचा काय, तो मी अर्ध्या तासात काढतो! आतला मुलामा बघा, अजून चेहरा दिसतोय त्यात!"

"खरं?" गुरुजी म्हणाले. "मग काय बरं द्याल?"